लालबागची हिमनदी

तुमच्या आत्याआजीला ‘नाही’ म्हणून पुढे सुखाने जेवलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. तुम्हाला त्या फोनवर दिसतात तेव्हा एक पांढऱ्या केसांची, किंचित बहिरी म्हातारी दिसते, आणि हिचं सगळं आयुष्य शेंगा सोलण्यात गेलं असेल असं तुम्हाला वाटत असणार. म्हणून तुम्हा नातवंडांसाठी हे लिहायला घेतलं. तुमच्या आजोबांची ही मोठी बहीण, म्हणजे माझी नणंद. मी त्यांना वन्सं म्हणते. लालबागच्या चाळीतल्या दोन खोल्यांत राहून या बाईने हिमालयातल्या एका हिमनदीवर वर्षानुवर्षं पाळत ठेवली, आणि पन्नाशी जवळ येईपर्यंत त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेला बर्फ म्हणजे कोळणीच्या टोपलीत पापलेटांखाली असतो तेवढाच.

मी फणसवाडीतून लग्न होऊन इथे आले तेव्हा गिरण्यांचा संप होऊन काही वर्षं लोटली होती. सासरे विणकर होते. गिरणी पुन्हा उघडेल, उघडेल म्हणत ते गेले. वन्सं शिकून शहरातल्याच एका संशोधन संस्थेत लागल्या होत्या. पुढे तिथे त्यांच्या हाती रडारचं काम आलं. एक उपग्रह खाली लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरींवरून जमिनीचं चित्र तयार होतं. त्याला ढग आड येत नाहीत, काळोखही आड येत नाही. काही आठवड्यांनी तो पुन्हा त्याच वाटेने जातो. दोन्ही वेळची चित्रं एकमेकांशी ताडून पाहिली की मधल्या काळात जे जागचं हललं ते उघडं पडतं. हिमनदी दिसायला डोंगरासारखी स्वस्थ, पण ती सतत सरकत असते, आणि वन्सं इथे बसून तिची चाल पकडत.

या कामाने त्यांना एक खोड लागली. एकदा बघून त्यांचं कशावरच समाधान होईना. दर दिवाळीला त्या घरातल्या सगळ्यांचा फोटो काढायच्या, पण तो एकाच स्टुलावर उभं राहून, एकाच कोनातून, आणि आम्ही सगळे दरवर्षी त्याच त्या जागी बसलेले. मग दोन वर्षांचे फोटो शेजारी ठेवून निकाल जाहीर व्हायचा. तुमच्या आजोबांना एकदा म्हणाल्या, “तुझं पोट खिडकीकडे सरकतंय.” आजोबा चिडले, “ताई, मी जागचा हललेलोसुद्धा नाही!” “हिमनदीही असंच म्हणते,” वन्सं म्हणाल्या. तरुणपणी त्यांना बघायला एक स्थळ आलं होतं म्हणे. चहा झाल्यावर मुलाने विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का? तेव्हा रडारशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण वृत्ती तीच. “महिन्याभराने पुन्हा या, एका भेटीत काय कळणार?” तो आला नाही. वन्सं अजून सांगतात, “बरं झालं, पहिल्या फेरीतच कळलं.”

त्यांचं आणखी एक म्हणणं असे, की चाल मोजायची तर आधी एक तरी न हलणारी वस्तू लागते. आमच्या घरात ती वस्तू म्हणजे माझ्या सासूबाई. कोकणातून आलेल्या, आवाज खणखणीत, आणि एकदा बोलल्या की विषय संपला.

एका वर्षी संस्थेच्या माणसांनी त्या हिमनदीवर जायचं ठरलं. बर्फात खांब रोवायचे, पत्र्याचे कोनाडे बसवायचे. कोनाडा म्हणजे तीन चकचकीत पत्रे काटकोनात जोडलेला, पुढून उघडा खोका, रडारचा आरसाच म्हणा. त्यावर पडलेली लहर थेट मागे फिरते आणि चित्रात पांढरा ठिपका उमटतो. वन्सं साहेबांकडे गेल्या, म्हणाल्या, मी जाणार. साहेब म्हणाले, “मॅडम, वर बायकांची सोय नाही.”

“बर्फात पुरुषांची कसली सोय असते?”

साहेबांनी मग अट घातली. आधी तो कोनाडा स्वतः बनवून इथल्या चित्रात दाखवा, मग बघू. नावं दिवाळीआधी पक्की व्हायची होती. त्याआधी उपग्रहाची मुंबईवरून एकच उपयोगाची फेरी उरली होती, आणि ती होती गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. ती हुकली की वन्सं घरी.

मुंबई रडारला घरांमुळे इतकी लखलखीत दिसते की तिच्यात एक ठिपका सापडणं अशक्य. मोकळी, काळी दिसणारी जागा हवी. चाळीमागे सासऱ्यांची बंद गिरणी होती, तिचं मोठं आवार रिकामं पडलं होतं. तिथला रखवालदार ओळखीचा होता, तो हो म्हणाला. संपानंतर पत्र्याच्या पेट्या करू लागलेल्या एका फिटरने कोनाडा बनवून दिला. चतुर्थीला सकाळी कोनाडा घरी पोचला तेव्हा वन्सं होकायंत्र घेऊन गिरणीत दिशा ठरवत होत्या, आणि मी मोदकांच्या उकडीत कोपरापर्यंत बुडालेली.

वन्सं परतल्या तेव्हा आरती चालू होती. सासूबाईंनी गणपती त्या कोनाड्यात बसवला होता. तीन बाजूंनी चकाकणारे पत्रे, समयांची शंभर प्रतिबिंबं, वर फुलांच्या माळा. सगळी चाळ मखर बघायला लोटली होती. वन्संनी टाळ्या वाजवत आरती पुरी केली, प्रसाद घेतला आणि मगच तोंड उघडलं.

“आई, हे मखर नाही. माझ्या कामाचं आहे.”

“माका वाटला, इतक्या वर्षांनी तुका देवाची बुद्धी झाली.”

“उद्या सकाळी मला हे गिरणीत न्यायचंय.”

“उद्या संध्याकाळी विसर्जन झाला की ने.”

“संध्याकाळी उपग्रह नसतो गं!”

“मग त्याका सांग थांबाक.”

दीड दिवसाचा गणपती. एकदा बसवलेली मूर्ती उत्तरपूजेशिवाय हलवायची नाही, आणि उत्तरपूजा दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर, हा घरचा नेम. वन्सं दिवसभर भांडल्या. दर्शनाला येणारा प्रत्येक जण मखराचं कौतुक करी आणि त्यांचा पारा आणखी चढे. शेवटी दिवेलागणीला त्या चुलीशी येऊन बसल्या आणि पहिल्यांदाच साहेबांचं ते वाक्य आईला सांगितलं. बायकांची सोय नाही.

सासूबाईंच्या हातातली पळी थांबली. “कोण म्हणता असा?”

“साहेब.”

“संपात मी पन्नास माणसांचा जेवण रांधलंय ह्या खोलीत. पोलिसांच्या गाडीसमोर जाऊन उभी रवलंय. तेव्हा कोणी इचारल्यान, सोय आसा काय?” मग पदराला हात पुसत त्या मूर्तीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. “उत्तरपूजा सकाळी करूया. देव काय घड्याळ बांधून येणा नाय.”

शेजारच्या बायका कुजबुजल्या, भटजींनी मान हलवली, पण सासूबाईंनी सकाळीच उत्तरपूजा करवली, मूर्ती स्वतःच्या हाताने किंचित सरकवली आणि उचलून पाटावर ठेवली. त्या घरात आलेल्या दिवसापासून मी त्यांना स्वतःच्या शब्दावरून मागे आलेलं पाहिलं ते तेवढंच. चाळीतल्या गड्यांनी कोनाडा उचलला, कोणी सवयीने ‘मोरया’ म्हणालं, आणि आमची वरात बंद गिरणीत शिरली. वन्संनी झेंडूच्या पाकळ्या झटकल्या, पत्रे पुसले, दिशा जुळवली. सगळे माना वर करून उभे. आभाळात फक्त ढग.

थोड्या वेळाने वन्सं घड्याळ बघत म्हणाल्या, “गेला.”

“झाला?” सासूबाईंनी विचारलं.

“झालं.”

“ह्याच्यासाठी माझो गणपती उठयलंस?”

चित्र हाती यायला काही आठवडे लागले. संस्थेत साहेबांना दाखवून वन्सं ते घरी घेऊन आल्या. सभोवती सगळं शहर चमचमत होतं, मधे गिरणीचं आवार काळंभोर, आणि त्यात एक टपोरा पांढरा ठिपका. सासूबाईंनी चष्मा लावला, ठिपक्याच्या बाजूला बोट ठेवलं आणि एवढंच म्हणाल्या, “हय तुझ्या बापाचा विणकामाचा खाता होता.” 

वन्सं हिमनदीवर गेल्या. साहेबांनी त्यांचं नाव स्वतः लिहिलं. परत आल्या तेव्हा नाकाची सालं निघाली होती, ओठ फुटले होते. कसं होतं म्हणून सगळ्यांनी घेरलं. त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं मुकी समजत होते तिला. रात्रंदिवस कण्हते गं. आतून कडाकडा मोडते आणि चालत राहते.”

आता सासूबाई नाहीत. वन्सं निवृत्त झाल्या, गुडघे त्यांना जिना उतरू देत नाहीत. परवा मी सहज विचारलं, तुम्ही हिमनदीवर जिथे उभ्या होतात ती जागा अजून तशीच असेल का हो? माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, की मी जणू सून म्हणून नापास झाले. “जागा असेल. तो बर्फ कधीच पुढे गेला.” मग बोटाने चादरीवर एक रेघ हळूहळू ओढत म्हणाल्या, “माझ्या पायाखालचा बर्फ खाली हिमनदीच्या तोंडाशी पोचायला अजून खूप वर्षं आहेत. तिथे तो वितळेल, पाणी होईल. तेव्हा आपण कोणी नसू.” त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. “ही फोनवरची मुलं असतील ना?”

मी म्हटलं, असतील.