मधली रिकामी जागा

भोकरदनच्या स्टँडवर आमची एसटी दहा मिनिटं थांबते. इंजिन बंद झालं की रोज माझ्या शेजारच्या सीटवर बसणाऱ्या बाई मोबाइल तोंडाजवळ धरून धडा रेकॉर्ड करतात. त्या धावड्याच्या शाळेत शिकवतात, एवढंच मला माहीत आहे. नाव मी कधी विचारलं नाही.

त्या एक प्रश्न विचारतात आणि गप्प होतात. अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत बराच वेळ बसतात, मग पुढचा प्रश्न. मला वाटायचं, विसरत असतील. एकदा म्हटलं, "मॅडम, मधली रिकामी जागा कापता येते."

"कापायची न्हाई सर," त्या म्हणाल्या. "वर्गात एक पोरगी अडखळत बोलती. तिचा पहिला शब्द निघेस्तोवर बाकीचे उत्तर देऊन मोकळे. मंग तिनं बोलणंच सोडलं. आता शाळेच्या टॅबवर हे लावून दिलं की बराबर बोलती. कारण टॅब..."

"थांबतो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मोबाइल पुन्हा तोंडाशी नेला. वाक्य त्यांचं होतं आणि पुरं मी केलं, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा गाडी सुटली होती.