काकांच्या ब्लूबेऱ्या आणि आमचा बंद फ्रीज

मी घरून केक करून देते. मांडवीत आमच्या गल्लीत शिरलं की कुणालाही विचारा, केकवाली कुठे राहते, लगेच सांगतील. बहुतेक मागण्या ठरलेल्या असतात. मुलांच्या वाढदिवसाला चॉकलेट, मोठ्यांना पाइनॅपल, आणि मे महिन्यात मुंबईकर आले की आंबा. त्यामुळे समोरच्या घरातले काका फाटक उघडून आले आणि पायरीवर बसत म्हणाले, “मला ब्लूबेरीचा केक हवाय,” तेव्हा मला वाटलं की त्यांनी टीव्हीवर काहीतरी बघितलंय.

काका जन्मभर बोटीवर होते. आता ऐंशीच्या घरात आहेत, पण चालणं अजून डेकवर चालल्यासारखं, पाय जरा फाकवून. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. दापोलीची मुलगी, जावई, नातवंडं येणार होती. जेवण घरच्या घरी, केक मात्र माझ्याकडून.

“अहो काका, ब्लूबेरीचं डबाबंद सारण मिळतं. ते घालून करते की छान.”

“डबाबंद नको. ताजी पाहिजेत. केकवर थोडी लाव आणि बाकीची तशीच वाटीत दे. तोंडात टाकल्यावर फुटली पाहिजेत.”

मग त्यांनी कारण सांगितलं. पहिल्याच सफरीत त्यांची बोट उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड बंदराला लागली होती. तिथे एका बाईने रस्त्याच्या कडेला टोपलीतून ही फळं काढून त्यांच्या ओंजळीत ओतली. घर सोडून बरेच महिने झाले होते, ताजं फळ दिसलं नव्हतं. त्यांनी ती तिथेच उभ्या उभ्या खाल्ली. पुढे लग्न झाल्यावर ही गोष्ट त्यांनी काकूंना सांगितली, आणि मग सांगतच राहिले. काकू त्यांना ‘तुमची ती निळी करवंदं’ म्हणायच्या. फळ निळं असतं यावर त्यांचा विश्वासच नव्हता.

“एकदा तिला खायला घालायचीच,” काका म्हणाले. “बोटीवरून आणता येईनात, टिकत नाहीत. आता म्हणे मुंबईत मिळतात.”

माझा भाऊ मुंबईला असतो. तो त्या आठवड्यात येणारच होता. त्याने बाजारातून ब्लूबेऱ्यांचे प्लास्टिकचे लहान लहान डबे घेतले आणि थंड पिशवीत घालून गाडीतून मांडीवर धरून आणले. मी झाकण उघडून बघितलं. टपोरी, घट्ट, वर पांढुरकी साय. जवळून पाहिलं की निळी, लांबून पाहिलं की काळी. मी एक चाखली. गोड होती, किंचित आंबट. कार्यक्रम दोन दिवसांवर होता. मी डबे फ्रीजमध्ये ठेवले आणि निश्चिंत झाले.

त्याच संध्याकाळी काका पुन्हा आले. काकूंना ताप भरला होता. डॉक्टर म्हणाले साथीचा आहे, आठवडाभर विश्रांती. मुलीला फोन करून कार्यक्रम पुढच्या रविवारवर ढकलला होता.

“ती राहतील ना गो तोपर्यंत?” काकांनी विचारलं.

“राहतील की,” मी म्हटलं. मला काहीच माहीत नव्हतं.

ते गेल्यावर मी फोनवर वाचायला घेतलं. धुवायची नाहीत, खायच्या वेळीच धुवायची. वरची साय फळाची स्वतःची असते, द्राक्षावर असते तशी, ती पुसायची नाही. ओल लागू द्यायची नाही. एक जरी नासली तरी लगेच काढायची, नाहीतर बुरशी शेजारणीला लागते. वाचून झालं आणि मी स्वयंपाकघरात आले, तर सासूबाई नळाखाली चाळण धरून उभ्या. चाळणीत ब्लूबेऱ्या.

“अगो, केवढं औषध मारलंय बघ यावर! पांढरं पांढरं नुसतं. मी म्हटलं स्वच्छ करून ठेवावी.”

बाजारातून आलेली कुठलीही वस्तू धुतल्याशिवाय आत जात नाही, हा त्यांचा नियम आहे. लॉकडाऊनमध्ये त्यांनी बिस्किटांचे पुडेही धुतले होते. नशीब, एकच डबा धुऊन झाला होता. मी बाकीचे त्यांच्या हाताच्या टप्प्याबाहेर ठेवले आणि औषधाचं नव्हे, सायीचं प्रकरण समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावरून पटलेलं दिसलं नाही.

धुतलेल्या मी पंख्याखाली कापडावर पसरून वाळवल्या. न धुतलेल्या मात्र पसरट डब्यांत कागद अंथरून त्यावर एकेक थर लावून ठेवल्या. झाकण जरा किलकिलं, हवा खेळायला.

दुसऱ्या दिवसापासून काका रोज सकाळी दूध आणायला निघाले की फाटकाशी थांबायचे.

“काय म्हणतात?”

“बऱ्या आहेत,” मी सांगायची. “आणि काकू?”

“ताप उतरलाय. पण तोंडाला चव नाही म्हणते. पेज दिली की दोन घास खाऊन बाजूला सारते.”

मग एक दिवस ते म्हणाले, “माझे दोन पेशंट आहेत. एक घरी, एक तुझ्याकडे.” आणि स्वतःच हसले. पण काळजी दिसत होती. काकू म्हणजे पदर खोचून अख्खी गल्ली हलवणारी बाई. ती बिछान्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, हे त्यांना सोसत नव्हतं.

इकडे रोज सकाळी मी आणि सासूबाई टेबलावर डबे मांडून ब्लूबेऱ्या निवडायला लागलो. तांदूळ निवडावे तशा. मऊ पडलेली बाजूला, सुरकुतलेली बाजूला. धुतलेल्यांच्या डब्यात तिसऱ्याच दिवशी बुरशीचे पांढरे केस आले, आणि न धुतलेल्या तशाच टणटणीत. सासूबाईंनी दोन्ही डबे शेजारी ठेवून चष्म्यातून नीट बघितले.

“म्हणजे औषध नव्हतं तर,” त्या म्हणाल्या. आणि त्या क्षणापासून त्या ब्लूबेऱ्यांच्या राखणदार झाल्या. माझ्या नवऱ्याने पाण्याची बाटली घ्यायला फ्रीज उघडला तरी त्या आतल्या खोलीतून ओरडायच्या, “लवकर बंद कर, त्यांना गरम हवा लागतेय!”

असं सगळं सुरळीत चाललं असताना शुक्रवारी सकाळी वळणावर रस्ता खोदणाऱ्या जेसीबीने जमिनीतली केबल तोडली. वीज गेली. मी वीज मंडळात फोन केला तर उत्तर आलं, काम चालू आहे. दुपारी फोन केला, काम चालूच होतं. समुद्राकाठची दमट हवा, वारा पडलेला. फ्रीजच्या दाराला बाहेरून घाम फुटला, आणि मलाही.

“फ्रीजरमध्ये घालून ठेवली असतीस तर?” सासूबाई म्हणाल्या.

“गोठवली तर टिकतात, पण बाहेर काढल्यावर लिबलिबीत होतात. काकांना फुटणारी हवीत. आणि आता फ्रीजर तरी कुठे चालतोय?”

तेवढ्यात मासळीवाल्या मावशी दारात आल्या. त्या मिरकरवाड्याहून रोज येतात, पाटी उतरवतात, पाणी पितात आणि मगच भाव सांगतात. त्यांनी माझा चेहरा बघितला.

“काय झालं गो? घरात कोण आजारी हाय?”

मी फ्रीज उघडून दाखवला. त्यांनी एक ब्लूबेरी दोन बोटांत धरून उजेडात फिरवली.

“एवढीशी तर हायत. आनि त्यासाठी तोंड उतरवून बसलीस? बर्फ पाठवते.”

“मावशी, पण वास...”

“नवीन पेटी देते. मासा नाय लागला अजून तिला.”

अर्ध्या तासात त्यांचा मुलगा रिक्षातून थर्माकोलची पेटी आणि फोडलेला बर्फ घेऊन आला. पेटी नवीन होती, पण बर्फ मासळीच्या बाजारातून आलेला, त्यामुळे वास होताच. मी ब्लूबेऱ्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत भरल्या, आत कोरड्या कापडाची घडी घातली, आणि डबे बर्फाला थेट टेकू नयेत म्हणून मध्ये जाड टॉवेल. आता हवा खेळण्यापेक्षा वास आत न शिरणं महत्त्वाचं होतं. सासूबाई पेटीशेजारी खुर्ची टाकून बसल्या. मधूनमधून डबा उघडायच्या आणि नाक आत घालायच्या.

“काही नाही. अजून फळाचाच येतोय.”

मावशी परत जाताना पुन्हा डोकावल्या. मी म्हटलं, “मावशी, केकला बांगड्याचा वास आला तर?”

“येऊ दे की. म्हातारा बोटीवरचा, त्याला बरंच वाटेल!”

आम्ही तिघीही हसत सुटलो. वीज संध्याकाळी आली. डबे परत फ्रीजमध्ये गेले. काकांना मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं, पण गल्लीत गोष्टी लपतात थोड्याच? शनिवारी सकाळी फाटकाशी येऊन त्यांनी आधी हवेतला वास हुंगला आणि म्हणाले, “बर्फावर ठेवलीस ना? योग्य केलंस.”

रविवारी केक झाला. साधाच, पांढऱ्या क्रीमचा, वर ब्लूबेऱ्या. एक वाटी वेगळी भरली, नुसत्या फळांची. सगळं घेऊन मी आणि सासूबाई समोर गेलो. काकू पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या, नवी साडी, चेहरा उतरलेला. नातवंडं केकभोवती. काकांनी वाटी उचलून काकूंच्या हातात दिली आणि समोर उभे राहिले.

काकूंनी एक तोंडात टाकली. त्यांनी ती हळूहळू चावली, मग दुसरी घेऊन दाताने अर्धी तोडली आणि उरलेली अर्धी डोळ्यांजवळ धरली.

“अहो, निळी कुठायत? आत तर हिरवी आहेत.”

काकांनी वाकून बघितलं.

“तुम्ही म्हणायचात, जीभ जांभळी होते. दाखवा जीभ.”

काकांनी एक खाल्ली आणि सगळ्यांसमोर जीभ बाहेर काढली. जीभ गुलाबीच. नातवंडं खिदळायला लागली. काका मात्र खरंच गोंधळले. “तेव्हा व्हायची,” ते पुटपुटले, “हात पण रंगले होते माझे. कॅप्टन रागावला होता.”

मला त्यांची दया आली. एवढ्या दिवसांच्या वाचनात मला एक गोष्ट कळली होती. मी म्हटलं, “काका, तिकडे थंड प्रदेशात जंगलात वाढणारी असतात ना, ती वेगळी. लहान असतात आणि आतूनसुद्धा गडद असतात. तुम्ही ती खाल्ली असणार. ही मळ्यातली.”

“ऐकलंस?” काका काकूंकडे वळले. त्यांचा चेहरा असा काही खुलला! “पन्नास वर्षं मला खोटा ठरवलंस!”

“ठरवलं बाई,” काकू म्हणाल्या. “बसा आता खाली.” आणि बोलता बोलता त्यांचा हात वाटीकडे जातच होता. कुणाच्या लक्षात येईपर्यंत वाटी निम्मी झाली. मुलीने आईकडे बघितलं, मग बापाकडे, आणि केकवरच्या फळांतली मूठभर काढून वाटीत घातली. आठवडाभर पेज बाजूला सारणारी बाई ती वाटी संपवून म्हणाली, “जेवायला काय आहे? मला भूक लागलीय.”

मऊ पडलेल्या, बाजूला काढलेल्या ब्लूबेऱ्यांचा सासूबाईंनी गूळ घालून मुरंबा केला. घावनाबरोबर तो आमच्याकडे दोन दिवसांत संपला.

पुढच्या आठवड्यात मी संध्याकाळी गच्चीवर कपडे काढत होते, तेव्हा दोघं मांडवीच्या किनाऱ्याकडे फिरायला निघालेली दिसली. काकूंचा पदर खोचलेला. काका हात उंचावून, बोटांनी काहीतरी गोल आकार दाखवत सांगत होते. बहुतेक आणखी एखाद्या बंदरातलं फळ असावं. काकू मान हलवत होत्या, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते एवढ्या लांबून कळलं नाही.