बन्नूरची पोच

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं मला हसलात. मी कुंडीतल्या अनंताचे बारा फोटो पाठवत होते आणि प्रत्येक फोटोनंतर "मिळाला का?" असं विचारून, तुमचं उत्तर आल्यावरच पुढचा पाठवत होते. बारा फोटोंना पाऊण तास लागला. "आजी, सगळे एकदम निवडायचे आणि पाठवून मोकळं व्हायचं," असं धाकटीने मला समजावलं. मला ते येतं, बाळ. पण माझ्या याच सवयीपायी एकदा एक अख्खा कारखाना खोळंबला होता. ती गोष्ट तुमचे आजोबा हल्ली चारचौघांत सांगतात आणि चुकीची सांगतात. त्यांच्या गोष्टीत ते स्वतः तिथे हजर असतात. ते हजर नव्हते. त्यांची आवृत्ती तुमच्यापर्यंत पोचायच्या आत खरी लिहून ठेवावी, म्हणून आज बसले आहे.

आजोबांच्या बदलीमुळे आम्ही म्हैसूरला आलो तेव्हा तुमची आई आठवीत होती. मला इथल्या एका पंपांच्या कारखान्यात नोकरी लागली. शेताला पाणी देणारे पंप. वरुणा, बन्नूर, सोसले, त्या सगळ्या बाजूला भाताच्या आणि उसाच्या कडेला आमचा हिरवा पंप दिसायचा. मी कागदपत्र विभागाची प्रमुख होते. विभाग म्हणजे मी, अठरा हजार ड्रॉइंग्ज आणि एक पंखा.

ड्रॉइंग म्हणजे पंपाच्या प्रत्येक भागाचा मापांसकट काढलेला नकाशा. त्यातली निम्म्याहून जास्त एकाच माणसाच्या हातची होती. ते आमचे हेड ड्राफ्ट्समन. त्यांच्या घरी पिढीजात शिवणकाम, म्हैसुरात किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता यायचं नाही. त्यामुळे कारखान्यात त्यांना सगळे "मास्तर"च म्हणायचे. घरी ते मराठी बोलत, पण त्या मराठीत दर चौथा शब्द कन्नड. सुरुवातीला मी त्यांचं मराठी सुधारायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमची मराठी बसनं आली. आमची बैलगाडीनं आली. वाटेत थोडं कन्नड चढलं, काय करायचं?" त्यानंतर मी सुधारणा थांबवली.

माझा एक नियम होता, टाइप करून टेबलाच्या वर लावलेला: पोच आल्याशिवाय पुढचा कागद हलणार नाही. एखादं ड्रॉइंग बदललं की त्याची चिठ्ठी बन्नूरच्या आमच्या सुट्या भागांच्या गोदामात जायची, तिथला माणूस "मिळाली" म्हणून सही करायचा, मगच मी पुढचं ड्रॉइंग सोडायची. हे खूळ नव्हतं. एकदा चिठ्ठी पोचली नाही आणि गोदामातून जुन्या मापाच्या रिंगा गेल्या. ज्यांच्या पंपात त्या बसल्या त्यांनी आम्हाला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही.

पुढे कागद गेले आणि कागदपत्रं सांभाळायचं सॉफ्टवेअर आलं. सगळी ड्रॉइंग्ज स्कॅन झाली. मूळ गुंडाळ्यांचा ढीग वाळवीला लागलेला होता, तो मोडीत काढायच्या कागदावर मी सही केली. मास्तर तेव्हा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले होते, "कागद पण ठेवूया, अल्वा मॅडम?" अल्वा म्हणजे आपलं 'नाही का'. मी म्हटलं, "मास्तर, स्कॅनला वाळवी लागत नाही." हे वाक्य मला तेव्हा फार छान वाटलं होतं.

मग कारखाना बंद करायचं ठरलं. पुण्याच्या हेड ऑफिसने कळवलं की शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता म्हैसूरचा सर्व्हर, म्हणजे ज्या यंत्रात ही अठरा हजार ड्रॉइंग्ज होती ते कपाटाएवढं यंत्र, बंद होऊन भंगारात जाईल. तोवर सगळं त्यांच्या सर्व्हरवर पाठवून द्या. नुसत्या फायली उचलून टाकल्या तर कुठली कशाची ते कळणार नव्हतं. सॉफ्टवेअरमधूनच पाठवायला हवं होतं, म्हणजे प्रत्येक ड्रॉइंगचा नंबर, कधी बदललं, कोणी मंजूर केलं, सगळं बरोबर जातं.

सोमवारी सकाळी अकरा वाजता मी बटण दाबलं. पहिली फाइल गेली. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरी गेली. मी घड्याळ लावलं. एका फाइलला चाळीस सेकंदांच्या वर. अठरा हजार गुणिले चाळीस सेकंद, म्हणजे दोनशे तास. शुक्रवारी पाचपर्यंत माझ्याकडे होते शंभर. म्हणजे निम्मी ड्रॉइंग्ज राहणार होती, आणि ती जगात दुसरीकडे कुठेही नव्हती. कागद मोडीत गेले होते. माझ्या सहीने.

मास्तर त्याच शुक्रवारी निवृत्त होणार होते. त्यांना काम उरलं नव्हतं, म्हणून ते खुर्ची घेऊन माझ्या पडद्यासमोर येऊन बसले. वाळवीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी हेड ऑफिसच्या मदत विभागाला फोन लावला. तिथे एक मुलगी होती, आवाजावरून तुमच्या आईपेक्षाही लहान.

"मॅम, रीस्टार्ट केलंत का?"

"केलं."

"परत एकदा कराल?"

"अगं, मी आत्ताच केलं. ते काय विसरलं असेल का?"

"मॅम, प्लीज."

मी परत केलं. काही फरक पडला नाही. मग तिने केबल बदलायला लावली. मग व्हायरस तपासणारा प्रोग्रॅम थोडा वेळ बंद केला. दीड सेकंद वाचला. मग दोन संगणकांवरून एकदम पाठवून पाहिलं, तर दोन्ही एकाच रांगेत एकामागे एक उभे राहिले. पण मुलगी हुशार होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दर वेळी त्याच दोन फायलींवर पाहायची, हे तिने मला बजावलं. अशी माणसं मला आवडतात. मी एक वही काढली, पट्टीने रकाने आखले, वर लाल शाईने मथळे घातले. फाइल, आकार, सुरुवात, शेवट, लागलेला वेळ, शेरा. दोन फायली ठरल्या. एक होतं एका पानाचं पत्र. दुसरी, सगळ्यात मोठ्या पंपाचं संपूर्ण ड्रॉइंग, जे उलगडायला पूर्वी दोन टेबलं जोडावी लागायची.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत त्या वहीत, सॉफ्टवेअरमधून पाठवलेल्यांच्या, चौदा ओळी झाल्या. सॉफ्टवेअर बाजूला ठेवून त्याच दोन फायली थेट पाठवून पाहिल्या, तर पत्र डोळ्याचं पातं लवायच्या आत गेलं आणि मोठं ड्रॉइंग पाच सेकंदांत. म्हणजे तार ठीक होती, रस्ता मोकळा होता. तरी सॉफ्टवेअरमधून काही ते पळेना. मी घरी गेले आणि आजोबांना आमटीत मीठ दोनदा घालून वाढलं. या गोष्टीत त्यांचा सहभाग एवढाच.

बुधवारी सकाळी तीन हजारांच्या आसपास गेली होती. मी फोनवर मुलीची वाट पाहत होते आणि मास्तरांनी माझी वही ओढून घेतली. त्यांना संगणकाचा तिटकारा होता, पण रकाने त्यांना वाचता येत. चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्यांनी बोट फिरवलं.

"मॅडम, हे लहान पत्र एक्केचाळीस सेकंद."

"हो."

"आणि हे माझं मोठं ड्रॉइंग शेहेचाळीस."

"हो, मास्तर. मीच लिहिलंय ते."

"लिहिलंय छान. वाचलं नाही." त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. "नोडी, बघा. माझा बाप शिंपी. ब्लाऊजला आणि कोटाला सारखाच वेळ लागायला लागला, तर शिंपी शिवत नाही, मॅडम. तो कशाची तरी वाट बघत बसलाय. दोऱ्याची, गिऱ्हाइकाची, नाहीतर कॉफीची."

मी वहीकडे बघत राहिले. चौदा ओळी मी इतक्या नीटनेटक्या आखल्या होत्या की त्या वाचायचं राहूनच गेलं. तेवढ्यात फोनवर मुलगी आली. मी तिला ब्लाऊज आणि कोट समजावून सांगितलं. तिने 'मॅम' सोडून एकदम 'काकू' धरलं.

"अय्या, खरंच की! फाइल जायला वेळ लागतच नाहीये. दर फाइलनंतर ते थांबतंय. काकू, एक मिनिट, मी नोंदी बघते." कीबोर्डची टकटक ऐकू आली. "हे बघा, प्रत्येक फाइलच्या खाली एकच ओळ आहे. 'बन्नूर गोदाम, पोच नाही. चाळीस सेकंद वाट पाहिली.' काकू, हे बन्नूर गोदाम काय आहे?"

फोन स्पीकरवर होता. मास्तरांनी हळूच मान वर करून भिंतीवरचा माझा टाइप केलेला नियम वाचला, जसा काही पहिल्यांदाच दिसतोय. मग माझ्याकडे पाहिलं.

बन्नूरचं गोदाम बंद होऊन सहा वर्षं झाली होती. तिथला संगणकही कुणीतरी पोत्यात घालून आणला होता. पण सॉफ्टवेअर बसवणारे आले तेव्हा मी त्यांना माझा नियम शब्दशः सांगितला होता: पोच आल्याशिवाय पुढचा कागद नाही. त्यांनी विचारलं होतं, किती वेळ वाट पाहायची? बन्नूरची लाइन तेव्हा फार संथ. मी उदारपणे म्हटलं होतं, चाळीस सेकंद द्या बिचाऱ्यांना. गोदाम बंद झालं त्या दिवसापासून प्रत्येक फाइलमागे सॉफ्टवेअर इमानदारीने बन्नूरच्या कुलूपबंद दाराशी जात होतं, चाळीस सेकंद उभं राहत होतं आणि परत येत होतं. बसने रोज त्याच थांब्यावर एका प्रवाशासाठी थांबावं, आणि त्या माणसाने गावच सोडलेलं असावं, तसं.

"पण मग सहा वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" मुलीने विचारलं.

उत्तर मास्तरांनी दिलं. "दिवसाला दोन-चार ड्रॉइंग्ज जायची, अम्मा. बटण दाबायचं आणि कॉफी आणायला जायचं. परत आलं की झालेलं असायचं. आम्ही समजायचो सिस्टिम असंच असतं." मग माझ्याकडे वळून, "सहा वर्षांची कॉफी तुमच्या कृपेनं, अक्का."

एरवी मॅडम, पण टिंगल करायची असली की मी अक्का.

तो नियम काढायचा अधिकार कागदपत्र विभागाच्या प्रमुखाला होता. एक खूण पुसायची, खाली कारण लिहायचं. मी खूण पुसायला माऊस नेला आणि थांबले.

"आता काय?" मास्तर म्हणाले.

"पोच नाही, तर सगळं पोचलं हे कळणार कसं?"

"बिडी हो मॅडम, सोडा आता! जिथं मागताय तिथं माणूसच नाही."

"ते खरं. पण मी एकदा 'वाळवी लागत नाही' म्हणाले होते, मास्तर."

फोनवरून मुलगी म्हणाली, "काकू, शेवटी दोन्हीकडच्या याद्या काढू आणि ताडून बघू. एकेकाची नको, सगळ्यांची एकदम पोच." हे मला पटलं. मी खूण पुसली. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'गोदाम अस्तित्वात नाही.' आणि फायली पळायला लागल्या. नंबर इतक्या भराभरा सरकत होते की मास्तर पडद्याला हात जोडून म्हणाले, "थोडं सावकाश, माझी एकतीस वर्षं आहेत ती."

गुरुवारी सकाळी येऊन पाहिलं तर सगळं गेलेलं होतं. मुलीने तिकडची यादी काढली, मी इकडची. इकडे अठरा हजार बारा. तिकडे अठरा हजार सव्वीस. कमी आली असती तर मी घाबरलेच असते, पण जास्त आली म्हणून दुप्पट घाबरले. मास्तरांनी पुन्हा माझी वही ओढली आणि ओळींवरून बोट फिरवलं.

"चौदा," ते म्हणाले. "तुमच्या चाचण्या, अक्का. ब्लाऊज आणि कोट."

मग आम्ही दोघांनी दिवसभर बसून त्यांची पन्नास ड्रॉइंग्ज तिकडून उघडून पाहिली. मुलगी म्हणाली गरज नाही. मास्तर म्हणाले गरज आहे. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात त्यांची छोटी सही होती. शुक्रवारी पाच वाजता यंत्र बंद झालं तेव्हा ते तिथे थांबले नाहीत, कॉफी आणायला गेले.

आता कारखान्याच्या जागी लग्नाचं कार्यालय आहे. मास्तर असतात अजून, देवळाजवळच्या गल्लीत; मुलाच्या दुकानात कापडावर खडूने रेघा मारतात आणि मुलाच्या मापात चुका काढतात. बन्नूरला एक मेकॅनिक आमचे जुने पंप दुरुस्त करतो. मागच्या महिन्यात त्याला एका सीलचं माप हवं होतं. त्याने मास्तरांना विचारलं, मास्तरांनी मला, मी हेड ऑफिसला, आणि ड्रॉइंग त्याच दिवशी त्याच्या फोनवर आलं. मी त्याला कळवलं, "मिळालं का ते लगेच सांगा." त्याने सांगितलं.

तर कारखाना नाही, गोदाम नाही, माझा विभाग नाही, तो नियमही नाही. अठरा हजार बारा ड्रॉइंग्ज आहेत, सगळी. आणि त्यांच्या शेजारी माझ्या चौदा चाचण्याही आहेत, कारण त्या पुसायला कागदपत्र विभागाच्या प्रमुखाची सही लागते.