दोन्ही पाय

आमचे सर धावणाऱ्याकडे पाठ करून उभे राहायचे. घड्याळ फसवतं, पावलांचा आवाज फसवत नाही, असं त्यांचं म्हणणं. डाव्या नडगीचं हाड दुसऱ्यांदा तडकल्यानंतर त्या सकाळी दादरच्या मैदानावर मी पहिल्यांदाच आठशे मीटर धावणार होते. सर हो म्हणाले तरच निवड चाचणी, नाहीतर यंदाचाही मोसम गेला.

डावा पाय भीतीने हलका पडतो, हे मला ठाऊक होतं. म्हणून महिनाभर डिलाईल रोडच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत मी उजवाही तसाच हलका टेकवायची सवय केली. म्हणजे सरांना फरक ऐकूच येणार नाही.

“मांजरासारखी काय चालतेस गो?” आई विचारायची. मी तिच्यावर खेकसायचे.

धावताना कळ आली नाही. दोन्ही पावलं अगदी सारखी वाजली. रेषा ओलांडून मी धापा टाकत सरांच्या मागे जाऊन उभी राहिले. “सांगा ना सर, आता दुखरा पाय कुठला?”

ते वळले आणि माझ्या पायांकडे बघत राहिले.

“आधी एकच घाबरत होता,” ते म्हणाले. “आता दोन्ही घाबरतात.”