काटाघराचा एसी

गडचांदूरकडच्या एका सिमेंट कारखान्यात मी प्रशासन विभाग सांभाळायचो. म्हणजे खुर्च्या, पंखे, कूलर, फोन, जीप, गेस्ट हाऊस आणि सगळ्यांच्या शिव्या. खुर्च्या उचलणारा रोजंदारी मजूर म्हणून लागलो, टेबलापर्यंत आलो. पण अधिकारी मला कधी केलं नाही. कूलर हुद्दा पाहून मिळायचा. त्यामुळे दर उन्हाळ्यात साहेबांच्या खोल्यांत कूलर बसवून मी स्वतः पंख्याखाली बसायचो. तो राग अजून आहे.

गेटजवळ काटाघर होतं, ट्रकांचं वजन करायची टिनाच्या छपराची खोली. तिथं एक म्हातारे भाऊ चिठ्ठ्या लिहायचे. तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातून आलेले. मला साहेब म्हणणारे ते एकटेच. आदल्या वर्षी मे महिन्यात उष्माघातानं ते लिहिता लिहिता टेबलावरच कोसळले. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर उठणार नाहीत. निवृत्तीला एक उन्हाळा बाकी होता आणि रजा संपलेली.

मी त्यांच्यासाठी दोन कूलर मागितले. दोन मागितले की एक मिळतो. व्यवस्थापक म्हणाले, "त्या ग्रेडला कूलर नाही." मी फाईल त्यांच्या टेबलावर आपटून आलो. माझी उरलीसुरली बढती बहुधा त्याच दिवशी गेली.

मार्चमध्ये काटाघरात कॉम्प्युटर बसवायला नागपूरहून तंत्रज्ञ आला. काम आटोपल्यावर त्याला घरी जायची घाई होती, आणि जीप माझ्या हातात होत्या.

"जीप देतो. तुमच्या कागदावर लिहा, मशीनला एसी लागतो."

"पंख्यावरही चालेल हो."

"मग एसटीनं जा."

त्यानं लिहिलं. 'चपला बाहेर काढाव्यात' हेही स्वतःहून जोडलं. माणसाला कूलर नाकारणाऱ्या व्यवस्थापकांनी मशीनच्या एसीवर न वाचता सही केली.

एप्रिलमध्ये भर दुपारी पाहायला गेलो. दार बंद, आत एसी घरघरतोय आणि भाऊ बाहेर पडवीत, डोक्याला ओला दुपट्टा बांधून स्टुलावर. ट्रक आला की चपला काढून आत जायचे, वजन घेऊन परत बाहेर.

"भाऊ, इथी काऊन बसून राह्यले?"

"एसी मशीनसाठी हाये नं साहेब. कागदावर लिवलं हाये." दारावर चिकटवलेला कागद त्यांनी दाखवला.

"मशीन गेली खड्ड्यात! आत बसा."

"फुकट थंडक खाल्ली म्हणतीन लोक. आखरी साल हाये, डाग नाई पायजे."

मी असा ओरडलो की एक ट्रक ड्रायव्हर खाली उतरला. "बाबू, बुजुर्ग को क्यों डाँट रहे हो?"

मी तिथून निघालो. सवलत हा म्हातारा मेला तरी घेणार नव्हता. हुकूम मात्र त्यानं आयुष्यात मोडलेला नव्हता. ऑफिसात जाऊन मी टाईप केलं: 'मशीन एकटे सोडू नये. लिपिकाने पूर्ण पाळी मशीनजवळ बसावे. कसूर झाल्यास कारवाई होईल.' असा आदेश काढायचा मला अधिकार नव्हता. शिक्का होता, तो मारला.

भाऊंनी कागद दोनदा वाचला.

"जेवाले त बाहेर जाऊ द्यान नं?"

"डबा आतच खायचा."

"मोठी कडक ड्युटी लावली साहेब तुमी." त्यांनी चपला काढल्या आणि दार आतून लावून घेतलं.

जूनअखेर त्यांचा निरोप समारंभ झाला. भाषणात ते म्हणाले, "सगळे चांगले भेटले. पण प्रशासनवाल्या साहेबानं ह्या उन्हाळ्यात मले जेवालेही बाहेर सोडलं नाई. थंडीनं गुडघे धरले माहे."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. व्यवस्थापकांनीसुद्धा मान हलवली, जणू माझा स्वभाव त्यांना आधीपासून ठाऊक होता. भाऊ नारळ-शाल घेऊन, गुडघे चोळत का होईना, आपल्या पायांनी घरी निघाले होते.