घाडगे सरांनी न विचारलेला प्रश्न

घाडगेवहिनींचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. "सर गेले हो," एवढंच त्या म्हणाल्या आणि मी गाळणं हातात धरून उभाच राहिलो. सकाळी मैदानावरून येऊन ते खुर्चीत बसले, पाणी मागितलं, आणि वहिनी तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं. या गोष्टीला सव्वा महिना झाला. लोक म्हणतात, भाग्यवान, कुणाला त्रास न देता गेले. मला मात्र सरांचा राग येतो, आणि त्याहून जास्त माझा येतो. का, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

आम्ही सोलापूरच्या एकाच शाळेत सव्वीस वर्षं काढली. मी गणित शिकवायचो, ते खेळ. मी धावणारा माणूस नाही. समोरची बस सुटली तर पुढची येईपर्यंत शांतपणे उभा राहणारा. घाडगे सर मात्र पहाटे मैदानावर हजर, पोलीस भरतीसाठी खेड्यापाड्यांतून आलेल्या पोरापोरींना पळवायला. निवृत्तीनंतरही ते थांबलं नाही. शहरातले डॉक्टर, वकील, हौसेने पळायला लागलेले सगळे गुडघा धरून त्यांच्याकडे यायचे. "वंगण संपलं बहुतेक," असं कुणी म्हणालं की सर चिडायचे. "वंगण संपायला गुडघा काय सायकल हाय का? चला, आदी तो जिना उतरून दाखवा." उतरताना दुखतंय की चढताना, फार वेळ मांडी घालून बसलं की वाटी आखडते का, कालपेक्षा आज किती जास्त पळलात... पोलिसाने जबाब घ्यावा तसं विचारायचे. गुडघा म्हणजे घरातला मधला भाऊ, असं त्यांचं म्हणणं. वरचा कंबरेतला कमजोर, खालचा पावलातला वाकडा, आणि भार सगळा मधल्यावर. मग कुणाला कुशीवर झोपून पाय उचलायला लावत, कुणाला भिंतीला पाठ लावून अर्धवट बसायला. पावलं लहान टाका, अंतर हळूहळू वाढवा, दुखलं तर कमी करा. बाम चोळून पळणाऱ्याला तर ते मैदानाबाहेरच काढायचे.

हे शहाणपण त्यांना नोकरीत असतानाच, सुरेखामुळे आलं. सुरेखा सोलापूरच्या दक्षिणेकडल्या जेऊरची, शेतकऱ्याघरची. मावशीकडे राहून भरतीची तयारी करायची. वडिलांनी एकच वर्ष दिलं होतं. झाली पोलीस तर ठीक, नाहीतर लग्न. मैदानात तेव्हा खड्डेच जास्त, म्हणून सगळे डांबरी रस्त्याच्या कडेने पळत, आणि समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून रोज उजव्याच बाजूने. रस्ता कडेला उतरता असतो, उजवा पाय रोज खाली पडतो, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यात शेवटच्या महिन्यात अंतर दुप्पट करायची तेव्हाची पद्धत. भरतीच्या दिवशी सुरेखा पहिल्या तिघींत होती. शेवटच्या फेरीत ती लंगडायला लागली, मग चालायला लागली, मग खाली बसली. दोन महिन्यांनी तिचं लग्न झालं.

पुढे वर्षभर सर पहाटे मैदानावर गेलेच नाहीत. गावातल्या एका व्यायामोपचार करणाऱ्या बाईंच्या दवाखान्यात जाऊन बसायचे, शाळकरी पोरासारखे वहीत लिहून घ्यायचे. एकदा शाळेच्या जिन्यात मला थांबवून म्हणाले, "ती इथं वर खेळाच्या खोलीत जोडे ठेवायला यायची की नाय, उतरताना कठडा धरायची. मी बघत हुतो, सर. रोज बघत हुतो. पण विचारलं असतं तर थांबवावं लागलं असतं. आपल्या मैदानावरची एक तरी पोरगी लागावी, याची मलाच घाई." मी काहीतरी समजुतीचं बोललो. काय बोललो ते आठवतही नाही, इतकं ते फुसकं असणार.

सुरेखा टेंभुर्णीला असते, नवऱ्याची पिठाची गिरणी चालवते, हे त्यांना ठाऊक होतं. तीनदा ते तिथवर गेले, चौकात चहा प्याले आणि उलट्या बसने परत आले. या उन्हाळ्यात त्यांनी मला विचारलं, "तुमी येताय का संगं? एकट्यानं जमत न्हाय." मी म्हणालो, "उन्हं जरा उतरू द्या, मग जाऊ." सोलापूरच्या उन्हात हे कारण कुणालाही पटतं. त्यांनाही पटलं. मी मात्र त्या दुपारी पंख्याखाली ताणून दिली होती, हे मला विसरता येत नाही.

तेराव्यानंतर चार दिवसांनी मी एकटाच टेंभुर्णीला गेलो. गिरणी बंद होती. सुरेखा आत जमिनीवर बसून गहू निवडत होती. केसांत पीठ होतं की वय, कळेना. मी ओळख सांगितली, घाडगे सर गेल्याचं सांगितलं. मग कठड्याचंही सांगून टाकलं. ते ओझं घेऊन परत यायचं नव्हतं मला. ती सुपातल्या गव्हातून बोटं फिरवत राहिली. एक खडा वेचून बाजूला टाकत म्हणाली, "सरांची कसली चूक? मीच लपवलं की. मावशीकडनं दुखायच्या गोळ्या घ्यायची रोज सकाळी. कळलं असतं तर त्यांनी घरी धाडलं असतं, आन् मला घरी जायचं नव्हतं." पुढे म्हणाली, "त्यांचं नाव गेलं माझ्यामुळं. कुठल्या तोंडानं भेटायचं, म्हणून मी कधी सोलापूरला उतरलेच न्हाय. माहेरी जाताना गाडी सोलापुरात थांबली की दुसरीकडं बघायची."

एका बसचं अंतर. आणि दोघंही आपापल्या जागी गुन्हेगार होऊन बसलेले... एक दिवस, एकच दुपार मी उन्हात निघालो असतो तर सरांनी हे तिच्या तोंडून ऐकलं असतं. आता ते मला एकट्याला ऐकावं लागलं, आणि माझा त्यावर काही हक्क नव्हता.

चहा करते म्हणून ती उठायला लागली. एक हात जमिनीवर, दुसरा गिरणीच्या पेटीवर, उजवा पाय सरळ ठेवून, दात आवळून. मी सवयीने नजर दुसरीकडे वळवली. मग माझीच मला लाज वाटली. वळून तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "अजून दुखतं का?"

ती अर्धवट उभी होती, तशीच थांबली.

"व्हय," ती म्हणाली. "लई दुखतं, सर."