दोन आटे

काल उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारात लेकीसाठी जीन्स बघताना कोऱ्या कापडाचा वास आला आणि मला माझी जुनी मशीन आठवली.

विशीत मी इथल्याच एका कारखान्यात जीन्स शिवायचे. शेजारच्या मशीनवर मंगल, तोंडाने फटकळ. एका सकाळी सगळ्यांसमोर ती मला 'मुकी म्हैस' म्हणाली. मी हसले. ती पाणी प्यायला उठली, तेव्हा तिच्या मशीनवरच्या दोरा ताणणाऱ्या चकतीचा स्क्रू मी दोन आटे सैल केला, म्हणजे टाके ढिले पडतील.

दुपारी शेटनी तिने शिवलेली पँट ओढून पाहिली. शिवण टरकन उसवली.

"पूरा माल खराब किया!"

सगळ्या मशिनी थांबल्या. फक्त माझी चालू होती.

"मी नाय केलं!" मंगल किंचाळली आणि तिनं कात्री जमिनीवर आपटली. कात्री घसरत माझ्या पायाशी आली.

शेटनी तिला तिथंच कामावरून काढलं. पिशवी उचलताना ती माझ्याकडे वाकली. "तुझ्यासारखं शांत राहता यायला पायजे होतं गं."

तिचा राग कात्री आपटून संपला होता. माझ्या वागण्याला राग म्हणतात, हे मला कित्येक वर्षं कळलं नाही.

लेकीनं जीन्स पुढे केली. मी सवयीनं आधी शिवण ओढून पाहिली.